जुन्या हीटिंगला नवा कॉम्बी बॉयलर: आतली धुलाई आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये पहिलं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांकडून हे प्रश्न सतत येतात. घर बहुधा सत्तर-ऐंशीच्या दशकातलं किंवा त्याहून जुनं असतं. बॉयलर शेवटच्या घटका मोजत असतो आणि हातात दोन-तीन क्वोट असतात. आपण गीझरवर वाढलेली माणसं. रेडिएटरच्या आत काय चालतं हे कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे पैसे वाचवायचे म्हटलं की क्वोटमधली ‘सिस्टिम फ्लश’ (हीटिंगची आतली धुलाई) ही ओळ पहिल्यांदा कापली जाते. ती कापू नये एवढ्यासाठीच ही उत्तरं सविस्तर लिहिली आहेत.

१. बॉयलर नवा घेतोय, मग जुने रेडिएटर आणि पाइप धुवायची काय गरज?

रेडिएटरमधलं पाणी नळाला येत नाही. ते बंद वाटेने फिरत राहतं: बॉयलरमधून पाइपात, पाइपातून रेडिएटरात, तिथून परत बॉयलरमध्ये. वर्षानुवर्षं तेच पाणी. बॉयलर बदलला तरी बाकीचं सगळं जुनंच राहतं आणि त्यातला गाळ पहिल्याच दिवसापासून नव्या बॉयलरमध्ये शिरायला लागतो.

जुन्या बॉयलरमध्ये ओतीव लोखंडाचे जाड भाग आणि पाण्याला रुंद वाट असायची. थोडा गाळ आला तरी तो खपून जायचा. २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये, मोजके अपवाद सोडले तर, कंडेन्सिंग (धुरातली उष्णताही वापरणारा) बॉयलरच बसवावा लागतो आणि त्याच्या हीट एक्सचेंजरमधल्या, म्हणजे पाण्याला उष्णता देणाऱ्या भागातल्या, वाटा अरुंद असतात. कॉम्बीत, म्हणजे हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणाऱ्या बॉयलरमध्ये, शिवाय नळाचं पाणी तापवणारा प्लेट हीट एक्सचेंजर असतो, त्याच्या पत्र्यांमधली फट तर फारच बारीक. गाळ पहिला तिथे बसतो.

२. नळाचं पाणी स्वच्छ असतं, मग रेडिएटरमधलं काळं कसं होतं?

रेडिएटर पोलादाचे असतात. पाण्यात ऑक्सिजन असला की ते आतून गंजतात. बाहेर उघड्यावर गंज तांबूस दिसतो, पण आत ऑक्सिजन कमी असल्याने मॅग्नेटाइट नावाचं काळं लोहऑक्साइड तयार होतं. काजळी कालवल्यासारखं दिसणारं ते काळं पाणी म्हणजे तुमच्या रेडिएटरचाच झिजलेला पत्रा. तो जड असल्यामुळे प्रवाह मंद असेल तिथे, म्हणजे रेडिएटरच्या तळाशी मधोमध, साचतो.

जुन्या पद्धतीच्या घरांत माळ्यावर एक छोटी उघडी टाकी असते आणि तिच्यातून हीटिंगला पाणी मिळतं. तिथून हवा आत यायला वाव राहतो, म्हणून अशा घरांत गाळ जास्त सापडतो. कॉम्बी बसवताना ही टाकी निघते. त्याचे परिणाम प्रश्न ११ मध्ये.

३. आमच्याकडे गाळ आहे का, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

हीटिंग चालू करून अर्ध्या तासाने प्रत्येक रेडिएटरवर हात फिरवा, जरा जपून. वरचा भाग गरम आणि खाली मधोमध गार असेल तर तळाशी गाळ आहे. खाली गरम आणि वर गार असेल तर आत हवा किंवा वायू अडकला आहे. हा वायू पुन्हा पुन्हा काढावा लागत असेल तर ती साधी हवा नसून गंजताना सुटणारा हायड्रोजन असू शकतो. तो पेट घेतो, त्यामुळे वायू सोडताना जवळ ज्योत नको.

पाणी तपासायचं असेल तर हीटिंग बंद करून सगळं गार होऊ द्या आणि खालच्या मजल्यावरच्या ड्रेन कॉकमधून (पाणी काढायचा नळ) काचेच्या बरणीत पाणी घ्या. वरच्या मजल्यावर रेडिएटरच्या ब्लीड स्क्रूतून (हवा सोडायचा स्क्रू) निघालेलं पाणी पाहून निष्कर्ष काढू नका. तिथे ते बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं आणि खालचा रेडिएटर डांबरासारखा भरलेला असू शकतो. बरणीला बाहेरून लोहचुंबक लावून सावकाश फिरवा. काळा गाळ चुंबकामागे काचेवरून सरकायला लागला की वेगळा पुरावा नको. क्वोट द्यायला आलेल्या माणसाला ही बरणी दाखवा. पुढचं बोलणं नेमकं होतं.

४. एकाने केमिकल फ्लश सांगितला, दुसऱ्याने पॉवर फ्लश, आणि भावात काही शे पाउंडांचा फरक. कोणता घ्यायचा?

प्रचलित पद्धती तीन.

पहिली, साधी: सिस्टिममध्ये क्लीनर घालून ते काही दिवस फिरू द्यायचं आणि मग सगळं पाणी काढून एक-दोनदा स्वच्छ पाणी भरून सोडायचं. पाणी फारसं काळं नसेल, सगळे रेडिएटर नीट तापत असतील, आधीच्या मालकाने इनहिबिटर (गंज थोपवणारं रसायन, प्रश्न ८) घातल्याची नोंद असेल, तर एवढं पुरतं.

दुसरी, मेन्स फ्लश: क्लीनर फिरवून झाल्यावर नळाच्या मुख्य लाइनचं पाणी जोरात सोडून एकेक रेडिएटर स्वतंत्र धुतात. बाकीचे त्या वेळी बंद ठेवतात, म्हणजे सगळा प्रवाह एकातूनच जातो. मन लावून केलं तर याचा परिणाम फार चांगला मिळतो, आणि मध्यम गाळाच्या घरात मी हीच पद्धत सुचवेन.

तिसरी, पॉवर फ्लश: पंपाच्या किंवा रेडिएटरच्या जागी मशीन जोडून पाणी वेगाने फिरवतात आणि मधूनमधून प्रवाहाची दिशा उलटवतात. दाब फार नसतो, प्रवाह भरपूर असतो. हट्टी रेडिएटरवर रबरी हातोडीने ठोकून किंवा कंपन देऊन तळाचा गाळ सुटा करतात आणि तो चुंबकावर धरतात. आठ-दहा रेडिएटरच्या घराला यात बहुतेक दिवस जातो. ‘दोन तासांत उरकतो’ म्हणणाऱ्याला प्रत्येक रेडिएटर वेगळा धुणार का, हे आधी विचारा.

पाणी न पाहता सरसकट पॉवर फ्लश सांगणारा आणि पाणी न पाहता ‘काही गरज नाही’ म्हणणारा, दोघांकडूनही सावध राहा. पद्धत पाण्याच्या अवस्थेवरून ठरायला हवी. पाइप बारीक असतील तर प्रश्न १२ आधी वाचा.

५. हे कायद्याने सक्तीचं आहे की इंजिनिअरची वरकमाई?

वरकमाई नाही. ब्रिटिश स्टँडर्ड बीएस ७५९३ हे याच कामाचं मानक आहे. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीनुसार सिस्टिम साफ करणं, धुणं, इनहिबिटर घालणं आणि फिल्टर बसवणं हे सगळं अपेक्षित आहे. इंग्लंडच्या बिल्डिंग रेग्युलेशन्समधल्या पार्ट एलच्या मार्गदर्शनातही नवा बॉयलर जोडताना सिस्टिम धुऊन पाण्यावर प्रक्रिया करायला सांगितलं आहे. बॉयलर कंपन्या वॉरंटीच्या अटीत तेच लिहितात. म्हणजे धुलाई हवीच. तिची पद्धत मात्र कुठेही पॉवर फ्लशवर अडवून ठेवलेली नाही.

६. धुलाई नवा बॉयलर बसवण्याआधी की नंतर?

आधी. जुना बॉयलर अजून चालत असेल तर ती संधी समजा. इंजिनिअरला आठवडा-दोन आठवडे आधी येऊन क्लीनर घालायला सांगा. जुन्या बॉयलरच्या उष्णतेवर ते सगळ्या घरात फिरतं आणि गाळ सुटा करतं. बसवायच्या दिवशी सगळं धुऊन काढायचं आणि मगच नवा बॉयलर जोडायचा. किती दिवस ठेवायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं. काही क्लीनर काही तासांत काम करतात, सेंटिनेल एक्स४०० सारखे काही सावकाश चालणारे असतात.

जुना बॉयलर बंदच पडला असेल तर त्याच दिवशी, बॉयलर बाजूला ठेवून मशीनने धुणं हा मार्ग उरतो. घाणेरडं पाणी नव्या बॉयलरमधून फिरवून ‘नंतर धुऊ’ हे कबूल करू नका.

७. मॅग्नेटिक फिल्टर बसवणार आहेत. मग धुलाई कशाला?

फिल्टर बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपवर बसतो आणि वाहत येणारे कण पकडतो. रेडिएटरच्या तळाशी थापून बसलेला गाळ त्याच्यापर्यंत येतच नाही. शिवाय चुंबक फक्त लोहाचे कण धरतो. क्षार, वाळू, जुन्या जोडकामाचा कचरा यांवर त्याची ओढ नसते. फिल्टर हवाच, पण धुतलेल्या सिस्टिमच्या राखणीसाठी. वर्षातून एकदा सर्व्हिसच्या वेळी तो उघडून साफ झाला पाहिजे. साफ करताना समोर उभे राहा आणि चुंबकावर किती काळं जमलंय ते पाहा. आत काय चाललंय हे सांगणारी घरातली सर्वांत स्वस्त तपासणी ती.

८. इनहिबिटर किती घालायचं आणि किती दिवस टिकतं?

इनहिबिटर हे गंज थोपवणारं रसायन. सेंटिनेल एक्स१०० किंवा फर्नॉक्स एफ१ ही नावं तुम्हाला बिलावर दिसतील. प्रमाण पाण्याच्या लिटरवर ठरतं आणि बाटलीवर ‘इतक्या रेडिएटरपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. मोठ्या घराला एक बाटली पुरतेच असं नाही. मानकानुसार दर वर्षी त्याची पातळी तपासायची, आणि पाच वर्षांनी नव्याने घालायचं किंवा पाण्याची पूर्ण चाचणी करून घ्यायची.

ते स्वतःहून संपण्यापेक्षा पातळ होऊन निकामी होण्याची उदाहरणं जास्त. रेडिएटर रंगवायला काढला, थोडं पाणी सोडलं, नवं भरलं आणि इनहिबिटरचा विसर पडला, असं नेहमी घडतं.

९. धुलाई खरोखर झाली हे मला कसं कळणार?

शेवटच्या पाण्याचा नमुना मागा. ते डोळ्यांना नितळ दिसलं पाहिजे. चांगला इंजिनिअर टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले पदार्थ मोजणाऱ्या मीटरने, नळाचं पाणी आणि सिस्टिममधून निघणारं पाणी दोन्ही मोजतो. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, साधारण दहा टक्क्यांच्या आत, की क्लीनर आणि घाण निघाली असं मानतात. हे मोजमाप इनहिबिटर घालायच्या आधीचं असतं. नंतर आकडा वाढणारच.

मग कागद. बॉयलरच्या पुस्तिकेत बेंचमार्क नावाचा तक्ता असतो. त्यात बीएस ७५९३ प्रमाणे सिस्टिम धुतली का, कोणतं क्लीनर वापरलं, कोणतं इनहिबिटर किती लिटर घातलं, याचे स्वतंत्र रकाने असतात. ते भरून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. रकान्यात नुसती बरोबरची खूण नको, उत्पादनाचं नाव हवं. त्याशिवाय बसवणारा गॅस सेफ रजिस्टरवर (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदवही) असला पाहिजे आणि बिल्डिंग रेग्युलेशन्सचं प्रमाणपत्र पुढच्या काही आठवड्यांत पोस्टाने यायला हवं. पुढे घर विकताना सॉलिसिटर ते मागतो.

१०. मी स्वतः रेडिएटर काढून बागेत होजने धुतले तर चालेल का?

रेडिएटर काढायला गॅसचा परवाना लागत नाही, त्यामुळे हाताला सवय असेल तर चालेल. एक-दोन रेडिएटर गच्च भरले असतील तर ही पद्धत उत्तमच. काढायच्या आधी लॉकशील्ड व्हॉल्व्ह (रेडिएटरच्या एका टोकाचा, प्रवाह ठरवून ठेवणारा झाकलेला व्हॉल्व्ह) बंद करताना किती फेरे बसले ते लिहून ठेवा, म्हणजे परत जोडताना तेवढेच उघडता येतील. भरलेला रेडिएटर जड असतो. वाहून नेताना दोन्ही टोकांना बूच लावा, कारण हे काळं पाणी गालिच्यावर पडलं की डाग जन्माचा राहतो.

पण यात पाइप धुतले जात नाहीत. धुतलेलं पाणी कुठे सोडायचं तेही पाहा. अंगणातली जाळी पावसाच्या पाण्याची असेल तर ते थेट ओढ्या-नदीला मिळू शकतं. क्लीनर घातलेलं पाणी सांडपाण्याच्या गटारातच गेलं पाहिजे. बॉयलरच्या आवरणाच्या आत मात्र स्वतः हात घालू नका.

११. माळ्यावरची टाकी काढून कॉम्बी बसवला आणि आठवड्यात दोन ठिकाणी गळती. फ्लशमुळेच ना?

अंशतः. माळ्यावरच्या टाकीचं पाणी चार-पाच मीटर उंचीवरून येतं, म्हणजे खालच्या मजल्यावर दाब अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास. कॉम्बीची सिस्टिम बंद असते आणि गार असताना ती १ ते १.५ बारवर ठेवतात; तापल्यावर दाब आणखी चढतो. जुना सांधा किंवा आतून पातळ झालेला पत्रा अर्ध्या बारला टिकला तरी याला टिकेलच असं नाही. काही वेळा सुईएवढं भोक गाळानेच बुजलेलं असतं आणि धुतल्यावर ते उघडं पडतं. भोक गंजाने पाडलेलं असतं; धुलाई ते दाखवून देते एवढंच.

जोखीम आधी बोलून घ्या: गळका रेडिएटर निघाला तर तो कोणाच्या खर्चाने बदलायचा, हे क्वोटवरच लिहा. पाइप काँक्रीटच्या जमिनीखालून गेलेले असतील तर हे बोलणं टाळूच नका.

आणखी एक गोष्ट पाहून घ्या. टाकीचा पाइप हीटिंगला जिथे मिळायचा तो सांधा गाळाने तुंबण्याची ठरलेली जागा. गरम पाणी साठवणारा जुना सिलिंडर काढल्यावर त्याचे पाइपही कधी कधी लांब शेपटीसारखे बूच मारून सोडतात. तिथे पाणी फिरत नाही, घाण मात्र साचून राहते. हे सगळं मुळाशी कापायला सांगा.

१२. आमच्याकडे करंगळीएवढे बारीक पाइप आहेत. पॉवर फ्लश चालतो का?

हे मायक्रोबोअर: ८ किंवा १० मिलिमीटरचे तांब्याचे पाइप, सत्तर-ऐंशीच्या दशकांत फार वापरले गेले. एका मॅनिफोल्डपासून (पाइपांना फाटे फुटतात तो जोड) प्रत्येक रेडिएटरला स्वतंत्र जोडी जाते. पॉवर फ्लश करता येतो, पण एखादा पाइप पूर्ण तुंबला असेल तर मशीन त्याला सोडून मोकळ्या वाटेनेच पाणी फिरवत राहतं. म्हणून आधी केमिकल जास्त दिवस ठेवायचं, मग एकेक रेडिएटर सुटा करून मेन्सच्या पाण्याने धुवायचा. तरीही एखादा उघडलाच नाही तर तेवढा पाइप नवा टाकणं हाच उपाय. ‘सगळे शंभर टक्के तापतील’ अशी हमी मायक्रोबोअरमध्ये प्रामाणिक माणूस देत नाही.

१३. नवा कॉम्बी, रेडिएटर छान तापतात, पण शॉवर मध्येच गरम, मध्येच गार. हाही गाळच का?

बरेचदा हो. प्लेट हीट एक्सचेंजरच्या एका बाजूने हीटिंगचं पाणी आणि दुसऱ्या बाजूने नळाचं पाणी जातं. हीटिंगची बाजू गाळाने अरुंद झाली की उष्णता पोहोचत नाही, बॉयलर लवकर तापून बंद होतो, जरा थांबून परत पेटतो, आणि शॉवरखाली आपण ओरडतो. दुसऱ्या बाजूला चुन्याचा थर बसला तरी लक्षण तेच, पण उपाय वेगळा: सिस्टिम कितीही धुतली तरी नळाच्या बाजूला काही होत नाही. प्लेट काढून कोणती बाजू भरली आहे ते पाहायला सांगा. गाळ असेल तर नुसती प्लेट बदलून भागत नाही. सिस्टिम न धुता घातलेली नवी प्लेटही भरते.

१४. आम्ही लंडनमध्ये आहोत, पाणी जड आहे आणि सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र) बसवलाय. तेच पाणी हीटिंगमध्ये भरू का?

बॉयलरच्या पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असेल तरच. मीठ वापरणाऱ्या सॉफ्टनरचं पाणी ॲल्युमिनियमच्या हीट एक्सचेंजरला त्रासदायक ठरू शकतं, म्हणून बऱ्याच कंपन्या हीटिंगच्या बाजूला थेट मेन्सचं पाणी भरायला सांगतात. भरण्याच्या वेळी सॉफ्टनर बायपासवर टाकला की काम होतं. ॲल्युमिनियम असेल तर तीव्र आम्लाची क्लीनरही टाळायची. बाटलीवर सुसंगत धातूंची यादी असते.

नळाच्या बाजूची गोष्ट वेगळी. इंग्लंडच्या मार्गदर्शनानुसार कठीणपणा २०० पीपीएमच्या वर असेल तर कॉम्बीच्या गरम पाण्याच्या वाटेला क्षाररोधक उपाय हवा. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचा बराच भाग यात येतो. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर पाहिलेल्यांना याचं कारण समजवावं लागत नाही.

१५. सगळे रेडिएटर नवेच घेतोय. तरीही धुवायचं?

हो, पण साधी पद्धत पुरते. पाइप जुने असतील तर त्यांत गाळ आहे, आणि नव्या रेडिएटरमध्येही कारखान्यातलं तेल आणि जोडकामाचा फ्लक्स (डाग देताना लावतात ते रसायन) असतो. नव्या सिस्टिमसाठी वेगळं सौम्य क्लीनर मिळतं.

१६. धुतल्यावर वर्षभरात पाणी परत काळं झालं. फसवलं का आम्हाला?

आधी बॉयलरचा काटा पाहा. दर काही दिवसांनी दाब उतरतो आणि तुम्ही फिलिंग लूप (मेन्समधून सिस्टिम भरायची जोडणी) उघडून पाणी भरता का? मग कारण तेच: प्रत्येक वेळी ताजा ऑक्सिजन आत जातो आणि इनहिबिटर पातळ होतं. गळती शोधा. ती सापडत नसेल तर एक्स्पान्शन व्हेसलमधली (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी टाकी) हवा गेली आहे का ते तपासून घ्या. हवा नसली की तापताना दाब ३ बारपर्यंत चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी भिंतीबाहेरच्या पाइपातून निघून जातं. बाहेर त्या पाइपाखाली ओल किंवा पांढरा ओघळ दिसतो.

दाब स्थिर असूनही काळं होत असेल तर जमिनीखालच्या प्लास्टिक पाइपांकडे बघा. सुरुवातीच्या काळातल्या काही प्लास्टिक पाइपांना ऑक्सिजन अडवणारा थर नव्हता, त्यांच्या भिंतीतून तो आत झिरपतो. तिथे इनहिबिटर आणि फिल्टर यांची काळजी दुप्पट घ्यावी लागते.

१७. भाड्याच्या घरात राहतो. लँडलॉर्ड म्हणतो फ्लशचा खर्च अर्धा तुम्ही द्या.

देऊ नका. इंग्लंडमध्ये नेहमीच्या भाडेकरारात हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणं ही १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम ११ नुसार घरमालकाची जबाबदारी आहे. गार राहणाऱ्या रेडिएटरचे फोटो आणि तारखा घालून ईमेलनेच कळवा. तोंडी सांगून सोडू नका. तरीही हलत नसेल तर कौन्सिल किंवा सिटिझन्स ॲडव्हाइसकडे जा.

१८. दोन वर्षांनी कंपनी म्हणते, गाळामुळे बॉयलर गेला, वॉरंटीत बसत नाही. आता?

बेंचमार्कचा तक्ता, बिल आणि दर वर्षीच्या सर्व्हिसच्या नोंदी काढा. धुलाई केल्याचं लिहिलं असेल आणि गाळ निघाला असेल, तर कंपनीशी भांडत बसण्याऐवजी बसवणाऱ्याला लेखी विचारा; काम वाजवी काळजीने करणं २०१५ च्या कंझ्युमर राइट्स ॲक्टनुसार त्याला बंधनकारक आहे. कंपनीच्या माणसाने काढलेला भाग आणि पाण्याचा नमुना फेकू देऊ नका, फोटो काढा. रकाना कोराच असेल तर तुमची बाजू लंगडी पडते, तरी बिलावर किंवा क्वोटवर ‘फ्लश’ लिहून पैसे घेतले असतील तर तोही पुरावाच. आणि वाद मिटेपर्यंत थांबू नका: नवा भाग बसण्याआधी सिस्टिम धुऊन घ्या, नाहीतर त्याचीही तीच गत होईल.